अबोल्याची नोंद

फोनताईंनी सफरचंदाची सोललेली फोड त्याच्यापुढे धरली, तेव्हाच त्याच्या छातीत धस्स झालं. फोनताई म्हणजे तक्रार विभागातल्या बाई. कपडे धुण्याच्या मशीननं ज्यांना छळलेलं असतं अशा माणसांशी दिवसभर मधाळ आवाजात बोलायचं आणि फोन ठेवला की ऑफिसातल्या माणसांवर खेकसायचं, हा त्यांचा शिरस्ता. सगळा गोडवा ग्राहकांवरच संपून जायचा. सहकाऱ्यांच्या वाट्याला खरवड यायची. इतक्या वर्षांत त्या टेबलावरून त्याला साधी टाचणी मिळाली नव्हती. आणि आज सफरचंद. तेही वर किंचित मीठ लावलेलं. "खा," त्या म्हणाल्या. "वेळच्या वेळी खाल्लं पाहिजे. होतं सगळं ठीक." काय ठीक होतं, असं विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण तोंडात फोड होती, आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या पुन्हा मधाळ झाल्या. तो तिथेच उभा राहून चावत राहिला. इस्पितळात कुणी आणून दिलेलं फळ असतं ना, तशी त्या फोडीला चव होती. मग हातपाय धुवायच्या निमित्तानं तो आरशासमोर जाऊन आला. चेहरा होता तसाच होता. पन्नाशीकडे झुकलेला, नाकाच्या दोन्ही अंगांना चष्म्याच्या खुणा, सांत्वन करावं असं त्यात कुठंही काही नव्हतं. शेजारच्या बेसिनवर हिशेबनीस चूळ भरत होते. त्यांनी पाणी टाकलं, आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "बायकांच्या मनाचा ठाव लागत नाही हो. आमची तर एकदा माझ्याशी न बोलता अख्खा उन्हाळा काढून गेली. तुमचं तर काहीच नाही, सुरुवात आहे."

सुरुवात आहे. कशाची? आणि यांना कसं कळलं? घरातली गोष्ट त्यानं सख्ख्या भावाला सांगितली नव्हती. भावाला सांगावी तर ती वहिनीला कळणार, वहिनीला कळली की वाऱ्याला कळणार, म्हणून तो मूग गिळून बसला होता. कपाळावर लिहिल्यासारखं दिसतंय की काय? माणसाशी घरात कुणी बोलेनासं झालं की त्याच्या अंगाला काही वास येतो की काय, बंद कपाटासारखा? त्यानं चालता चालता शर्टाची बाही हुंगली. साबणाचा वास आला. बायको बोलत नव्हती, पण कपडे धुऊन येत होते. मशीन धूत होतं म्हणा.

ऑफिसात त्याला नियमराव म्हणत. समोर म्हणत, पाठीमागेही म्हणत. त्यालाही ते आता आडनावासारखंच झालं होतं. कंपनी मशीन विकायची आणि विकून झाल्यावर सांभाळायची, आणि सांभाळण्याचं सगळं तंत्र ज्या सॉफ्टवेअरवर चाले त्यातले नियम लिहिणं हे त्याचं काम. अमुक घडलं की तमुक व्हावं, असे ते नियम. ग्राहकाचा फोन आला की त्याचं खातं आपोआप उघडावं. तक्रार नोंदली की जवळच्या मेकॅनिकला निरोप जावा. माणसांनी लक्षात ठेवायचं आणि विसरायचं ही जुनी रीत त्यानं एकेक करून मोडीत काढली होती आणि त्यात त्याला फार सुख होतं. एक घटना, तिच्या मागोमाग दुसरी. मध्ये कुणाचं डोकं नाही, कुणाचा मूड नाही. गेल्या महिन्यात एका ग्राहकानं साहेबांना फोनवर धारेवर धरलं, "तुमच्या कंपनीनं मला एका अक्षरानं कळवलेलं नाही." कळवलं होतं, पण कुणी, कधी, ते सापडेना. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की यापुढे ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक मेल ग्राहकाच्या खात्यात आपोआप नोंदला गेला पाहिजे. "प्रत्येक," असं म्हणून साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. आधी फक्त तक्रार विभागाचे मेल नोंदले जायचे. त्यानं ती अट काढून टाकली. कुणीही पाठवो, ज्याला पाठवला त्याचा पत्ता ग्राहकांमध्ये आहे ना, बस, मेल जसाच्या तसा खात्यात. वर त्यानं आपल्या अकलेनं आणखी भर घातली. मेलमध्ये गळती, आवाज, थरथर, जळका वास, बंद, बिघाड असले शब्द दिसले तर तक्रार आपोआप उघडावी. उत्तर आलं नाही तर फोनताईंनी फोन करावा. फोननंही भागलं नाही तर मेकॅनिक जावा. आणि एकदा झालेली नोंद कुणालाही, खुद्द साहेबांनाही, पुसता येऊ नये. या शेवटच्या कलमासाठी तो बैठकीत भांडला होता. "पुसता येणारी नोंद म्हणजे वाळूवरचं लिखाण," असं तो म्हणाला होता, आणि साहेबांनी "वा" म्हटलं होतं, आणि त्या "वा"वर त्याचा आठवडा निघाला होता.

जागेवर येऊन त्यानं चालू तक्रारींचा पडदा उघडला. सगळ्यात वर, तांबड्या अक्षरांत, तातडीच्या खुणेसह, त्याची बायको होती.

क्षणभर त्याला वाटलं, त्याच नावाची कुणी दुसरी असेल. मग पत्ता वाचला. तो त्याच्याच घराचा होता. तो आपण कुणाच्या तरी घराचा पत्ता वाचावा तसा वाचून झाला तेव्हा त्याला घाम फुटला. कर्मचाऱ्यांना कंपनीचं मशीन स्वतःच्या नावावर घेता येत नसे, म्हणून ते तिच्या नावावर घेतलेलं. म्हणजे ती ग्राहक. म्हणजे गेले काही दिवस तो जे मेल तिला ऑफिसातून चोरून पाठवत होता ते ग्राहकाला पाठवलेले मेल. आणि ते सगळे, पाठवणाऱ्याच्या नावासकट, ओळीनं तिथे लागलेले होते, सगळ्या ऑफिसाला वाचता येतील असे. "बाहेर गेलेलं पत्र. विषय: टॉवेल. आशय: ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून रागावली आहेस का? उचलला आहे. वर्ग: इतर." त्याखाली, "विषय: नळ. आशय: मोरीतला नळ मी दुरुस्त करतो म्हणालो आणि केला नाही, हे खरं. गळती वाढली आहे हेही दिसतंय. पण त्यावरून इतकं? वर्ग: पाणी गळती." त्याखाली, "विषय: तुझी मावशी. आशय: मावशी आल्या तेव्हा मी झोपेचं सोंग केलं नव्हतं, खरंच डोळा लागला होता. वर्ग: इतर." आणि सगळ्यात शेवटी, विषयाची जागा कोरी: "तुझा आवाज बंद झाल्यापासून घर खायला उठतं. काय बिघाड झालाय तेवढं तरी सांग. वर्ग: आवाज, यंत्र बंद, बिघाड. प्राधान्य: तातडीचं."

आपलंच लिखाण, पण त्या चौकटीत ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. कुणी अगदी केविलवाणा माणूस, ज्याला आपण होऊन सफरचंदाची फोड द्यावीशी वाटेल. लिहिताना ते असं नव्हतं. मोबाईलवर लिहायचं म्हणजे तिनं वाचलं की लगेच खूण दिसते, आणि वाचूनही उत्तर दिलं नाही हे दिसत राहतं. मेलमध्ये थोडा आडपडदा असतो, तेवढी अब्रू राहते, असा त्याचा हिशेब. प्रत्येक मेल पाठवताना त्याला वाटे, आता बरोबर ठिकाणी बोट पडलं. टॉवेल नक्की. नाही? मग नळ. घरी जाऊन तो तिच्या चेहऱ्याकडे बघे. ती शांतपणे त्याच्या ताटात वाढे. भांडी आपटणं नाही, दार धाडकन लावणं नाही. उलट तो मिठाकडे नुसता पाही, तोवर मीठ त्याच्या हाताशी आलेलं असे. तेच भयंकर होतं. शेजारणीशी ती जिन्यात तासन्‌तास बोले, कुंडीतल्या रोपांशी बोले, सामान घेऊन आलेल्या माणसाला त्याच्या आईच्या गुडघ्यांचे व्यायाम समजावून सांगे. तो खोलीत आला की आवाज फक्त पंख्याचा आणि तिच्या सपातांचा. त्या सपातांवरून ती कुठं आहे हे त्याला आता आंधळ्यासारखं कळायला लागलं होतं. ओट्याशी. खिडकीपाशी. दारात थांबली. थांबली, थांबली... गेली.

ज्या दिवशी हे सुरू झालं त्या संध्याकाळीही ती दारात अशीच थांबली होती, पायात बाहेरच्या चपला तशाच. ती इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. धरलेल्या पाठी, आखडलेले खांदे, अपघातानं रुसलेले पाय यांना पुन्हा चालतं करायचं हे तिचं काम. दूरच्या गावी इस्पितळाचं नवं केंद्र निघत होतं आणि ते उभं करायला तिला विचारलं होतं. दोन वर्षं तिथेच राहायचं. रोज जाऊन येता येईल असं ते गाव नव्हतं. तो नखं काढत बसला होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय वाटतं तुला?" त्यानं नखं काढायचं थांबवून, मनाचा सगळा मोठेपणा गोळा करून म्हटलं, "तुला वाटेल तसं कर. माझी काही हरकत नाही." आणि कौतुकाची वाट पाहिली. कितीक नवरे असं म्हणतात? हिशेबनीस म्हणाले असते?  मग तिनं वाकून चपला काढल्या, त्या नीट जोडीनं ठेवल्या आणि आत गेली. त्यानंतर शब्द नाही. म्हणून तर त्यानं त्या संध्याकाळचा विचारच केला नव्हता. तिथे त्याची बाजू इतकी स्वच्छ होती की चूक असलीच तर ती टॉवेलाचीच असणार.

त्याच्या लहानपणी आई-बाबांचे अबोले चालायचे. एक खोली, एक स्वयंपाकघर, मध्ये पडदा. पडद्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला हात लांब केला तर लागतील एवढ्यावर बाबा. "बाबांना सांग, जेवायला वाढलंय." तो पडद्याखालून जाई. "आईला सांग, भूक नाही." तो परत येई. आई म्हणे, "त्यांना म्हणावं, मी काही या घरातली मोलकरीण नाही," आणि तो पडद्यापलीकडे जाऊन सांगे, "आई दमलीये." बाबा म्हणत, "दमायला काय झालं तिला, डोंगर फोडते?" आणि तो येऊन सांगे, "बाबा विचारतायत तुला बरं नाही का." असं करत करत दोन्हीकडचं पाणी निवत जाई आणि रात्री दोघं एकमेकांशी बोलायला लागत, आणि मग त्याच्याशी कुणाला बोलायचं नसे. एकदा मात्र दोघांनी एकदमच त्याला विचारलं होतं. सुट्टीत आत्याकडे जायचं की मामाकडे? "तुला काय वाटतं रे?" पडदा बाजूला सारलेला, दोन्ही चेहरे त्याच्याकडे वळलेले.  त्याला मामाकडे जायचं होतं, तिथे विहिरीत पोहायला मिळे. पण मामा म्हणजे आई, आणि आत्या म्हणजे बाबा. "तुम्हाला वाटेल तसं," तो म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आई म्हणाली, "किती शहाणा आहे." आत्याकडे गेले. पण शहाणपणाची चव जिभेवर राहिली ती राहिलीच. पुढं शाळा कुठली, कॉलेज कुठलं, पडदे कुठल्या रंगाचे, सगळीकडे तेच एक उत्तर चालून गेलं. लोक खूश होत. आणि त्याला स्वतःला काय वाटतं हे हळूहळू खरंच कळेनासं झालं, वापरात नसलेल्या खोलीची किल्ली कुठे ठेवली ते कळेनासं होतं तसं.

नोंद पुसायला त्याचा हात आपसूक गेला. पडद्यावर त्याचंच वाक्य उमटलं: ही नोंद पुसता येणार नाही. त्यानं दुसऱ्या वाटेनं जाऊन पाहिलं, तिसऱ्या वाटेनं पाहिलं. सगळ्या वाटा त्यानंच बुजवल्या होत्या, आणि काम चोख होतं. मग तो उठून फोनताईंच्या टेबलाशी गेला आणि जमेल तितक्या सरकारी आवाजात म्हणाला, "त्या एका खात्याचं जरा बघायचं होतं."

"वहिनींच्या ना?" फोनताई म्हणाल्या. आजूबाजूच्या चार माना एकदम आपापल्या कामात खाली गेल्या. "उत्तर आलं नाही म्हणून नियमाप्रमाणे मी काल फोन केला त्यांना. तुमचाच नियम."

"काय... काय म्हणाली?"

"नोंद केलीये की. वाचा." आणि मग त्यांनाच राहवेना. "छान बोलतात हो. मी म्हटलं, मॅडम, आमच्या पत्रांना आपलं उत्तर आलं नाही, आपली काही अडचण आहे का? तर हसल्या."

"हसली?" हसणं. काल ती हसली होती, आणि तो तेव्हा या इमारतीत, या खुर्चीवर, हातभर अंतरावर बसून कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या जळक्या वासाचा नियम तपासत होता.

त्यानं नोंद उघडली. फोनताईंचं अक्षरन्‌अक्षर कोरडं होतं. "ग्राहक म्हणाल्या, पत्रं मिळाली. यंत्राबद्दल तक्रार नाही. सेवेबद्दल समाधानी आहात का, असं विचारता म्हणाल्या, सेवा चांगली आहे, टॉवेल उचलला गेला आहे. मूळ तक्रार काय, असं विचारता म्हणाल्या, मी एक साधा प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मिळालं नाही. उत्तर म्हणून 'तुला वाटेल तसं कर' असं सांगण्यात आलं. मला काय वाटतं ते मला माहीत आहे. आपली अपेक्षा काय, असं विचारता म्हणाल्या, समोरच्याला काही वाटतं की नाही, तेवढं कळावं. तक्रार फोनवर सुटली नाही. नियमाप्रमाणे पुढे पाठवली."

त्यानं ते पुन्हा वाचलं, आणि वाचता वाचता कान तापत गेले. टॉवेल नव्हता. नळ नव्हता. मावशी तर नव्हत्याच. त्याची सगळ्यात स्वच्छ बाजू होती तीच. आपण दान केलेलं ताट कुणी परत आणून द्यावं, आणि त्यात काहीच नव्हतं म्हणून सांगावं, तसं झालं त्याला. आधी राग आला. मोकळीक दिली हा गुन्हा? मग रागाखाली हात घालून पाहिलं तर तिथं एक ओलसर, गार, अगदी लहानशी भीती बसलेली होती, आणि ती कितीतरी दिवसांपासून तिथंच होती. तेवढ्यात शेवटच्या ओळीकडे त्याचं लक्ष गेलं. "पुढे पाठवली म्हणजे?"

"म्हणजे मेकॅनिक गेला," फोनताई म्हणाल्या. "आज वहिनींची सुट्टी आहे ना, त्यांनीच सकाळची वेळ दिली. पोचलाही असेल."

मेकॅनिक फक्त ऑफिसच्या नंबरचाच फोन उचलतो, हे जगजाहीर होतं. त्यानं फोनताईंच्या कानावरचं यंत्र जवळजवळ ओढूनच घेतलं. घाईत कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि फोनची घंटा सगळ्या दालनात वाजायला लागली. "आपलं संभाषण सेवेच्या गुणवत्तेसाठी नोंदवलं जात आहे," एक बाई शांतपणे म्हणाली.

"हं, बोला कंट्रोल," मेकॅनिकचा आवाज आला.

"मी बोलतोय. नियमराव." स्वतःला तो पहिल्यांदाच नियमराव म्हणाला.

"अरे साहेब! तुमच्याच घरी उभा आहे. मशीन तर एकदम ठणठणीत. वहिनींनी चादरी टाकून चालवून दाखवलं. पण कागदावर आलंय, आवाज बंद. आवाज तर झकास येतोय. आता मी बिघाड काय लिहू?"

"काही लिहू नका. निघा तिथून."

"निघतो कसा? चहा टाकलाय वहिनींनी."

आणि मागून, चादरींच्या घरघरीतून, तिचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला, आणि त्याच्यासाठी नव्हता तरी त्याच्या पाठीच्या कण्यातून खाली उतरत गेला. "त्या मख्ख माणसाला म्हणावं, मशीन बोलतंय. बोलत नाही तो ऑफिसात बसलाय."

"साहेब," मेकॅनिक म्हणाला, "वहिनी विचारतायत, तुम्हाला काही सांगायचंय का."

 मेकॅनिकनं ते किती सफाईनं केलं! मख्ख गाळला, टोमणा गाळला, आणि उरलेलं निववून पडद्याखालून इकडे सरकवलं. हे आपल्याला चांगलं जमायचं, त्याला वाटलं, आणि आपल्याला जमायचं म्हणूनच आई-बाबा आयुष्यभर अबोले धरत राहिले. केबिनचं दार उघडून साहेब बाहेर आले होते. हिशेबनीस चष्मा कपाळावर सारून उभे होते. "तिला फोन द्या," तो म्हणाला.

फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड झाली, पुन्हा मेकॅनिककडे परत आल्याची झाली. "त्या म्हणतात, त्या तुमच्याशी बोलत नाहीत. कंपनीशी बोलतात."

"मग ऐक म्हणावं. नाही, तुम्ही काही म्हणू नका. स्पीकर लावा आणि मध्ये अजिबात बोलू नका." त्यानं घसा साफ केला. दालनात कुणीतरी पंखा हळू केला. "हे बघ. मला वाटतं, तू जाऊ नयेस. म्हणजे मला वाटतं, तू जावंस. तुझ्याइतकं ते काम कुणाला येतं? पण तू गेलीस तर मी त्या घरात काय करू, मला कळत नाही. मला भीती वाटते. आणि हे दोन्ही एकदम वाटतं, सकाळी एक, दुपारी दुसरं असं नाही, एकाच वेळी. असं दोन्ही वाटलं तर माणसानं काय उत्तर द्यायचं? म्हणून म्हटलं, तुला वाटेल तसं. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. मला नुसतं सुटायचं होतं."

पलीकडे नेमका त्याच वेळी मशीननं वेग घेतला. चादरी पिळल्या जाऊ लागल्या आणि सगळं ऑफिस त्या घरघराटानं भरून गेलं. "थांब," तिचा आवाज आला, "हे थांबू दे." मग सगळे थांबले. साहेब थांबले, हिशेबनीस थांबले, फोनताईंच्या हातातली फोड थांबली. कंपनीच्या मशीनची पिळणी इतकी लांबते, हे त्या माणसांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. अखेर ते धापा टाकत निवलं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. आता तिचा आवाज फोनच्या अगदी जवळ होता. "आता ऐक. मी परवानगी नव्हती मागितली तुझी. मी कालच होकार कळवलाय."

"कालच? मग विचारलंस कशाला?"

"विचारलं कशाला! अरे, बावीस वर्षं ज्याच्याबरोबर राहतेय त्याला मी जाणार म्हटल्यावर काही होतं का, एवढं बघायचं होतं. काही म्हणजे काहीही. रड, ओरड, आनंदानं उडी मार. तू नखं काढत होतास. हरकत नाही म्हणालास. हरकत नाही! मी काय गॅलरीत दोरी बांधायची परवानगी मागत होते? आणि मग ते मेल. टॉवेल! नळ! बिचाऱ्या मावशीला कशाला ओढलंस त्यात? आणि झोपेचं सोंगच केलं होतंस तू, घोरताना मध्येच एक डोळा उघडून घड्याळ बघितलंस, मी पाहिलं..." ती बोलत राहिली. साठलेलं सगळं बोलली. गेल्या वर्षीच्या प्रवासात तो चुकीच्या फलाटावर उभा राहिला होता तेही बोलली, त्याच्या भावाच्या घरी त्यानं तिची बाजू घेतली नव्हती तेही. तो माना डोलावत होता, हं हं करत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, ऑफिसातल्या माणसांनी पुढं एकमेकांना सांगितलं, चांगली बातमी ऐकणाऱ्या माणसाचं हसू होतं. मध्येच मेकॅनिकचा दबका आवाज आला, "वहिनी, चहा उतू गेला."

फोन ठेवल्यावर सगळे आपापल्या टेबलांकडे वळले. साहेबांनी त्याला केबिनमध्ये घेतलं, दार लावलं आणि टेबलावर बोट न आपटता म्हणाले, "घरी जा आज. पण जाण्याआधी त्या नियमात एक अपवाद घालून जा. कर्मचाऱ्यांच्या घरची माणसं नोंदीतून वगळायची." तो अपवाद लिहायला बसला तर त्याच्या टेबलाभोवती माणसं घुटमळू लागली. घरचं माणूस कुणाला म्हणायचं, हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता. हिशेबनिसांनी बायकोचा आणि मेव्हण्याचा पत्ता दिला, मग विचार करून मेव्हण्याचा काढून घेतला. त्याच्या बाजूला बसणाऱ्यानं आपल्या थोरल्या बहिणीचा दिला आणि म्हणाला, "तिला लिहीत नाही मी कधी. पण असू दे, लिहिलं तर." फोनताई म्हणाल्या, "माझं कुणी नको. मी आईशी फोनवरच भांडते." सगळे पांगल्यावर साहेब बाहेर आले, त्याच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि खिडकीबाहेर बघत, ओठ न हलवता, एक पत्ता म्हणाले. त्यानं निमूट लिहून घेतला. "मावसबहीण," साहेब म्हणाले. "लांबची." त्यानं काही विचारलं नव्हतं.

घरी पोचला तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. चादरी गॅलरीत ताणून वाळत घातलेल्या, त्यामुळे आतल्या खोलीत दुधी उजेड पडला होता. मेकॅनिक केव्हाच गेला होता. ती जमिनीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. त्यानं दारातच चपला काढल्या आणि क्षणभर त्याला सुचेना की आता, बोलायला लागलेल्या घरात, माणूस आत कसा येतो. "चेहरा काय असा केलास?" ती म्हणाली. "ये बस." तो शेजारी बसला. भिंत गार होती. रस्त्यावर कुणाची तरी गाडी चालू होता होत नव्हती. दोघांनी ती चालू होईपर्यंत ऐकून घेतली. ती जाणार होती. ते काही बदललं नव्हतं, त्याच्या बोलण्यानं त्यात तसूभर फरक पडलेला नव्हता, आणि पोटातली ती गार, ओलसर भीती जशीच्या तशी होती; फक्त आता ती दोघांच्या मध्ये उघड्यावर बसली होती, आणि उघड्यावर ती वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान दिसत होती. तिनं मोबाईल काढला. केंद्रानं तिला राहायला जी खोली दिली होती तिचे फोटो आले होते. ती एकेक पुढं सरकवू लागली. एक पलंग, एक टेबल, निळसर रंगाची भिंत, एकच खिडकी आणि खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची पाठ.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

त्यानं फोटो निरखून पाहिला. "नाही आवडली," तो म्हणाला. "भिंतीचा रंग तर अगदी वाईट आहे. आणि पलंग अरुंद आहे."

ती वळून त्याच्याकडे बघतच राहिली. "तुला कुणी राहायला बोलावलंय तिथं?"

"मी शनिवारी येणार ना."

"न विचारता?"

"न विचारता."

 मग तिनं तोच फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि दुसरा पलंग कुठल्या भिंतीला लागेल ते दोघंही वाकून बघायला लागले.